अबेकेचा गाळा

मला कुणी खोटारडी म्हटलं तर आता राग येत नाही. घानातल्या कुमासीच्या बाजारात माझ्या शेजारच्या गाळ्यात अबेके इनॅमलची भांडी विकायची. ती नायजेरियाची, योरुबा. तिची मुलगी मात्र कुमासीतच जन्मली, शुक्रवारी, म्हणून आम्ही तिला आमच्या रीतीने अफुआ म्हणायचो. आमच्यात आठव्या दिवशी नाव ठेवताना बाळाच्या जिभेवर पाण्याचा थेंब ठेवतात, मग दारूचा, आणि सांगतात, पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू. ज्याच्या हातून थेंब पडतो त्याचा स्वभाव बाळाला लागतो म्हणे. अबेकेने त्यासाठी हौसेने मला बोलावलं. माणसं ओळखण्यात ती कच्चीच होती.

आजोबांच्या काळी सरहद्दीवर कुणी कागद विचारत नसे. आमच्या कोकोच्या बागा बाहेरच्या मजुरांच्या घामावर उभ्या राहिल्या. पुढे कोकोचा भाव पडला, महागाई आली आणि सगळ्याचं खापर परक्यांच्या डोक्यावर फुटू लागलं. एकोणसत्तरच्या नोव्हेंबरात फर्मान निघालं. परवाना नसलेल्या परदेशी माणसाने दोन आठवड्यांत देश सोडावा.

पोलीस बाजारात आला तेव्हा अबेके माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला विचारा साहेब. पोर इथलीच आहे. नावसुद्धा हिनेच ठेवलंय."

मी हो म्हटलं असतं तर कागद करायला त्यांना मुदत मिळाली असती. पण तिचा गाळा कोपऱ्यावरचा होता, दोन्हीकडून गिऱ्हाईक यायचं.

"मला काय माहीत? हे लागोसवाले कुठे कुठे वितात, मी बघायला जाते का?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. नऊ वर्षांची अफुआ माझ्याकडे बघत राहिली. पंधरवड्याने मी त्या गाळ्यात बसले होते. लाज तेव्हाही वाटली, पण गिऱ्हाईक आलं की विसरायची.

दहा वर्षांत आमच्या देशात साबणसुद्धा मिळेना. गाळा बहिणीच्या हवाली करून मी पोटामागे नायजेरियात, लागोसला गेले. तिथे तेलाचा पैसा खेळत होता. रस्त्याच्या कडेला केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उंडे, विकत असताना एक तरुणी समोर थांबली.

"सेरवामावशी ना तू?"

अफुआच होती ती. अबेके वारली होती. पोरीने मला आपल्या खोलीत ठेवून घेतलं, दोन वर्षं सांभाळलं आणि जुना विषय एकदाही काढला नाही. मीही मूग गिळून बसले.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत तिथल्या सरकारने आमच्या लोकांना बाहेर काढायचं ठरवलं. मुदत तीच, दोन आठवडे. आमच्याच फर्मानाची नक्कल वाटावी. अधिकारी चाळीत आला, तेव्हा अफुआ दारात आडवी उभी राहिली.

"ही माझ्या आईची बहीण. आमच्या ओग्बोमोशो गावची."

"खरं का बाई?" त्याने मला विचारलं.

एवढं योरुबा मला येत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. पण अबेकेची बहीण म्हणवून घ्यायला जीभ रेटेना.

"नाही साहेब. मी घानाची आहे."

तो गेल्यावर अफुआ भडकली. "काय गरज होती? मी सांभाळून घेतलं होतं ना?"

"तेच सोसवेना गं."

तिने माझी चौकड्यांची पिशवी भरून दिली. तसल्या पिशवीला लागोसची माणसं आता ‘घानावाले, चालते व्हा’ असंच नाव घेतात. ट्रकपाशी तिने पानात बांधून वाफवलेलं वाटल्या चवळीचं मोईमोई माझ्या हातात ठेवलं.

"मावशी, आईचा तो गाळा अजून आहे का गं? शेवटपर्यंत म्हणायची, सेरवाने कुणाला बसू दिलं नसेल."

ट्रक सुरू झाला होता. बहिरी झाल्याचं सोंग करता आलं असतं.

"आहे," मी म्हणाले. "त्याच पंधरवड्यात मीच जाऊन बसले तिथे."

तिने पुरचुंडी परत मागितली नाही. नुसता माझ्या हातावरचा आपला हात काढून घेतला.