सतरा नंबरची बोअर श्वास घेते

भैरेगौडाच्या माळावर दुपारी बारा वाजता पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीत एक भोक, भोवती झेंडूच्या माळा आणि शेजारी घोंगडीवर गाळीस्वामी. स्वामींनी भोकावर मोरपीस धरलं. झाडाचं पानही हलत नव्हतं, पण पीस फडफडत वर उचललं गेलं.

"पाहा! भूमाता श्वास सोडते!" स्वामी गरजले. "दुपारी देते, संध्याकाळी घेते. दुपारी तिचा श्वास छातीला लावा, संध्याकाळी आपला खोकला तिला देऊन टाका. डॉक्टरला काय कळतंय?"

बायका रांगेनं आपापली पोरं भोकावर आडवी धरत होत्या.

चौडप्पा मागे उभा होता. तो गावचा नीरगंटी. तळ्याचं पाणी कुणाच्या शेताला किती वेळ सोडायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घरात ठरायचं. तळं आटलं, नळ आले, आता तो व्हॉल्व्ह फिरवायचा. हे भोक म्हणजे गौडाची बाराशे फूट खोल कोरडी बोअर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पाणी लागलं नाही म्हणून गौडानं तोंडाचा लोखंडी पाईपही उपसून दुसऱ्या बोअरला नेला होता. तेव्हापासून कड ढासळत होती. वीतभर भोक आता टोपलीएवढं झालं होतं. चौडप्पाला त्याची भीती वाटायची, पण भूमातेला झाकण घाला असं कुणाला सांगणार?

घरी बायको नागवेणी वाटच बघत होती. "अहो, उद्या शुक्रवार. संध्याकाळी गंगूला नेणार आहे मी. रात्र रात्र खोकते पोर."

गंगू त्यांची अडीच वर्षांची नात.

त्याच दिवशी भूजल खात्याच्या शशिकला मॅडम वही घेऊन आल्या. गावातली प्रत्येक बोअर तपासून, नंबर घालून तीन रकान्यांत लिहायची होती: चालू, राखीव, निकामी. निकामी असेल तिचं तोंड बंद करायचं. माळावर सतरा नंबरपाशी पोचल्या तर स्वामी आडवे आले. "आईचा गळा आवळता? गाव कोरडं पडेल!"

"गाव कोरडंच आहे, स्वामी," मॅडम म्हणाल्या. पण लोक खवळले, तेव्हा त्या वही मिटून परतल्या.

वाटेत चौडप्पानं त्यांना गाठलं. "मॅडम, खोटं कशाला बोलू? ती श्वास घेते, मी पाहिलंय."

"घेते की. मी कुठं नाही म्हणाले? दुसरी एखादी खोल कोरडी बोअर दाखवा."

सहा नंबरची होती कोंबड्यांच्या शेडमागे. वास असा की नाकाला पदर लावावा लागला. चौडप्पानं दगड सरकवला, मॅडमनी तोंडावर पातळ पिशवी धरली. पिशवी टम्म फुगली.

"ही कुठली माता हो?" मॅडम म्हणाल्या. "कोंबडीमाता?"

चौडप्पा आधी चपापला, मग खो खो हसला.

"खाली खडकाच्या भेगांत हवा भरलेली असते," मॅडमनी समजावलं. "वरच्या हवेचा दाब सकाळी दहापासून चारपर्यंत उतरतो, तेव्हा आतली हवा बाहेर येते. मग दाब चढतो, बाहेरची आत जाते. तुमच्या स्वामींनी फक्त घड्याळ पाहिलंय. पण उद्या चेन्नईकडे वादळ येतंय. दाब दिवसभर उतरतच राहील. संध्याकाळीसुद्धा बोअर हवा सोडेल."

शुक्रवारी सहा वाजता माळ पुन्हा भरला. स्वामींनी धुपाटणं भोकावर धरलं. "बघा, आई आता धूर गिळते!"

"स्वामी, आज ती सोडणार," चौडप्पा मोठ्यानं म्हणाला.

"नीरगंटी, नळ फिरव जा!" कुणीतरी ओरडलं.

धूर भोकाकडे वळला, घुटमळला आणि भसकन स्वामींच्या तोंडावर आला. स्वामी खोकू लागले. डोळे पुसत म्हणाले, "आई कोपली! कुणीतरी विटाळ केलाय!"

"मग कोंबड्यांच्या शेडमागचीपण कोपली असेल," चौडप्पा म्हणाला. "चला, पिशवी धरून दाखवतो. आणि स्वामी, आधी तुमचा खोकला घ्यायला सांगा की आईला!"

माळभर हशा पिकला. हसला नाही एकटा भैरेगौडा.

गंगूला कडेवर घेतलेली नागवेणी पुढेच उभी होती. धुरानं ती बाजूला सरली, तो पाय भोकाच्या काठावर पडला. तिच्या टाचेखालची माती खचली, चौडप्पानं दंड धरून तिला ओढली आणि डोक्याएवढं ढेकूळ भोकात गेलं.

सगळे कान देऊन थांबले. कुणी मनात आकडे मोजले. आवाज आलाच नाही.

मग एकेक आई आपलं पोर पोटाशी धरून मागं सरकली. स्वामींकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. "पंधरा पोरं धरली होती काल इथं," चौडप्पा गौडाला म्हणाला, "एक पाईप वाचवायला!"

सकाळी भोक माती टाकून बुजवलं, वर सिमेंट ओतलं. सगळं काम गौडानं स्वतः उभं राहून करून घेतलं. ओल्या सिमेंटवर चौडप्पानं बोटानं लिहिलं: नंबर १७, निकामी. नागवेणी गंगूला घेऊन मुळबागलच्या डॉक्टरांकडे गेली. स्वामी पहाटेच्या बसनं कुठंसं गेले होते.

वाचकहो, तुमच्याही शिवारात एखादं भोक उघडं असेल. ते श्वास घेत असेल तर बघा जरूर, नवल करा, कारण विचारा. पण लेकरू त्यावर धरू नका. आधी झाकण घाला.