पतंगावर चढलेलं पुस्तक

अडुसष्ट सालच्या पुरानंतर सुरतेतल्या कितीतरी घरांतली भिजलेली कपाटं, खुर्च्या, तसबिरी शनिवारी बाजारात विकायला आल्या. जळगावकडून सुरतेला लूमवर कामाला आलेला भटू तिथे पतंगाची फिरकी घ्यायला गेला होता. विकणाऱ्याने फिरकीसोबत वर म्हणून एक टिनाची डबी दिली. घरी येऊन भटूने ती बायकोच्या, कलाबाईच्या तळहातावर ठेवली.

"हाई काय शे?" तिने विचारलं.

"पुस्तक शे."

डबीत अंगठ्याच्या नखाएवढं पुस्तक होतं आणि झाकणात भिंग बसवलेलं होतं. इंग्रजी शब्दकोश. कलाबाई आधी हसली. मग तिने भिंग डोळ्याला लावलं आणि हसायची थांबली. मुंगीच्या पायांसारखी अक्षरं, ओळीखाली ओळ, पानामागे पान. तिला इंग्रजी येत नव्हतं, मराठीसुद्धा चौथीपुरतंच. पण हे एवढंसं कुणीतरी छापलं, शिवलं, त्याला पुठ्ठा लावला, ही गोष्ट काही तिच्या डोक्यातून जाईना. त्या दिवशी तिने लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला घेतल्या आणि अर्ध्याच भरल्या.

तिथून वेड लागलं. दर शनिवारी ती भटूला ओढत बाजारात न्यायची. मुठीत मावत नाही ते पुस्तक तिच्या लेखी मोठं. दोन वर्षांत तिच्याकडे काडेपेटीएवढं पारशी प्रार्थनेचं पुस्तक आलं, सुपारीएवढी विलायती डायरी आली, कुठल्याशा राणीची चित्रं असलेली पानाच्या विड्याएवढी चोपडी आली. ती सगळी तिने मिसळणाच्या डब्यात ठेवली, एकेका वाटीत एकेक. हळद-तिखट गेलं वर्तमानपत्राच्या पुड्यांत. भटूच्या भाजीत कधी हळद दोनदा पडायची, कधी पडायचीच नाही. तो बिचारा तशीच खायचा. सलाबतपुऱ्यातल्या लूमवर दिवसभर खडखडाट ऐकून आलेल्या माणसाला, घरात बायको एकटीच खुदूखुदू हसते आहे, हे ऐकायला बरंच वाटायचं.

एक्काहत्तरच्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळी चाळ गच्चीवर होती. शेजारचा हिलाल तिळाचे लाडू खात कलाबाईचा डबा बघायला बसला आणि शब्दकोश चिमटीत धरून म्हणाला, "वहिनी, हाई पुस्तक नही. हाई गुंडी शे! पुस्तक कसं, दप्तरात घातलं तर खांदा दुखला पाहिजे."

गच्ची हसली. कलाबाईचे कान लाल झाले.

"तुमच्या पोराचं भूगोलाचं पुस्तक पतंगाला बांधून चढवा बरं," ती म्हणाली. "चढेल? मन्हं चढेल!"

भटूच्या हातातला दोर सैल पडला. "कला, येडी व्हयनी का?"

पण तिने ऐकलं नाही. शब्दकोश डबीतून काढला, जरीच्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळला आणि भटूच्या सगळ्यात मोठ्या पतंगाच्या कन्नीखाली घट्ट बांधला. भटूने देवाचं नाव घेऊन ठुमका दिला. पतंग एकदा डुलला, एकदा खाली गोत्यात आला आणि मग वाऱ्यावर असा चढला की गच्चीवरची पोरंटोरं, म्हाताऱ्या, खुद्द हिलालसुद्धा ओरडायला लागला. जरीचा तुकडा उन्हात लकाकत होता. सुरतेच्या आभाळात हजार पतंग होते, पण पुस्तक एकच. कलाबाई टाळ्या वाजवत गच्चीभर नाचली. "ढील द्या! आनखी ढील द्या!"

भटू ढील देत गेला. पतंग रुस्तमपुऱ्याच्या छपरांवर गेला. आणि तिथून खालून एक काळा पतंग सरळ बाण मारल्यासारखा वर आला, भटूच्या दोराला घासला, आणि भटूच्या हातातला दोर एकदम हलका झाला.

"काइपो छे!" कापला म्हणून लांबून पत्र्याच्या भोंग्यातून आवाज आला. बाईचा आवाज.

काळ्या पतंगाने तेवढ्यावर सोडलं नाही. तुटलेल्या दोराला स्वतःच्या दोरात गुंतवून घेतलं आणि पुस्तकासकट पतंग ओढत ओढत हिरव्या कठड्याच्या एका गच्चीवर उतरवला.

भटू मान फिरवेपर्यंत कलाबाई जिना उतरून रस्त्यावर पोचली होती. पदर खोचलेला, पायांत चप्पल नाही. भटू हातात फिरकी घेऊनच मागे धावला. उंधियोच्या हंड्यांमधून, जलेबीच्या कढयांना वळसा घालून, काट्यांच्या काठ्या घेऊन पतंग लुटायला धावणाऱ्या पोरांच्या पुढे ती निघून गेली. हिरव्या कठड्याचं घर सापडलं. दार उघडंच होतं. घरात कोण, कुठलं, काही न विचारता ती जिने चढली.

गच्चीवर सत्तरीची एक पारशी बाई उभी होती. डोक्याला पांढरा रुमाल, बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या. एका हातात भटूचा पतंग आणि दुसऱ्या हातात शब्दकोश. तिने काळा चष्मा कपाळावर सरकवला होता आणि पुस्तक नाकाला लागेल एवढं जवळ धरलं होतं. कलाबाई भांडायला तोंड उघडणार, तोच ती बाई गुजरातीत किंचाळली, "बघ गं बाई, बघ! आभाळातून काय पडलं बघ!"

"माझं आहे ते!" कलाबाईला धाप लागली होती. गुजराती, अहिराणी, जे तोंडात आलं ते एकत्र बाहेर पडलं.

"तुझं होतं. कापलेला पतंग लुटणाऱ्याचा. सुरतेत राहतेस आणि एवढं माहीत नाही?" बाई म्हणाली आणि मग तिने कलाबाईकडे नीट पाहिलं. "पण तू कशाला ठेवलं होतंस हे?"

"मी जमवते."

"तू जमवतेस?" बाईच्या हातातला पतंग खाली पडला. "चल. खाली चल. आत्ताच्या आत्ता!"

तिचं नाव जरबाई. खालच्या खोलीत तिने काचेचं कपाट उघडलं. कपाटात बाहुल्यांचं घर होतं, घरात बाहुल्यांची कपाटं होती आणि त्या कपाटांत पुस्तकं होती. चिंचोक्याएवढी, वालाएवढी, सोनेरी कडांची, चामडी पुठ्ठ्याची. एक तर असं की जरबाईने ते सुईच्या टोकाने उघडून दाखवलं. कलाबाई मटकन खाली बसली. जगात आपण एकटीच अशी वेडी आहोत, असं तिला दोन वर्षं वाटत आलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. जरबाईचंही तसंच झालं. "माझे नातेवाईक म्हणतात, म्हातारी बाहुल्यांना शाळेत घालते," ती म्हणाली, आणि दोघी एकमेकींचे हात धरून हसत सुटल्या.

भटू दारात फिरकी घेऊन उभा होता. त्याला वाटलं, भांडण मिटलं. पण कुठलं!

"माझं पुस्तक द्या," कलाबाई डोळे पुसत म्हणाली.

"नाही देणार."

"मग पेच लावा. मी माझं परत चढवते, तुम्ही तुमचं एक चढवा. जी कापेल, तिची दोन्ही."

जरबाईचा चेहरा फुलला. "कोणतं चढवू?"

कलाबाईने बोट दाखवलं. लाल चामड्याचं, वालाएवढं. जरबाईचा चेहरा पडला. मग तिने दीर्घ श्वास घेतला आणि कपाटातून ते काढलं. "पण पुस्तक तुझं, तर दोरही तुझ्या हातात. नवऱ्याने फक्त फिरकी धरायची."

कलाबाईने आयुष्यात कधी पतंग उडवला नव्हता. जरबाईच्या गच्चीच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला जरबाई, दोन्ही पतंग वर गेले. भटू मागून सांगून सांगून घायकुतीला आला. "ओढ! नको, सोड! आगे माय, सोड म्हनं ना!" कलाबाई ओढायचं तेव्हा सोडत होती आणि सोडायचं तेव्हा ओढत होती. तिच्या पतंगाने असे काही गोते खाल्ले की जरबाईला तो पुढे कुठे जाणार हेच कळेना. शेवटी दोन्ही दोर एकमेकांत अडकले, दोन्ही पतंग एकमेकांना मिठी मारून भोवऱ्यासारखे फिरले, आणि दोघींच्या हातातले दोर एकाच वेळी तुटले.

लाल पुस्तक आणि शब्दकोश हातात हात घालून तापीकडे निघाले.

दोघी कठड्याकडे धावल्या. मग जरबाई ओरडली, "गाडी!"

तिची जुनी मॉरिस मोटार घराखाली होती. जरबाई चालवायला बसली, कलाबाई शेजारी, आणि मागे भटू, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर, मान आभाळात. "डावीकडे! आता सरळ! म्हैस! म्हैस शे पुढे!" रस्त्यात जो तो आभाळाकडे बघत चालत होता. जरबाई भोंगा वाजवत होती आणि शिव्या देत होती, आणि मधेच वळून कलाबाईला विचारत होती, "सुपारीएवढी डायरी? कोणत्या सालची?"

"पुढे बघा!" भटू ओरडला.

नदीकाठच्या रेतीत भाजीची एक वाडी होती. तिथे वांग्यांच्या वाफ्यात दोन्ही पतंग पडले होते, आणि एक शेळी त्यांतला काळा पतंग खात होती. वाडीतली बाई, शोभाबाई, तीही जळगावकडचीच निघाली. तिने दोन्ही पुस्तकं आधीच उचलून पदराला बांधली होती. जरीच्या तुकड्याला चिखल लागला होता, लाल पुठ्ठ्यावर शेळीचा एक दात उमटला होता. बाकी सगळं धड होतं.

"आमचं आहे," दोघी एकदम म्हणाल्या.

"कापलेला पतंग लुटनाराचा," शोभाबाई शांतपणे म्हणाली.

जरबाईने कपाळाला हात लावला. भटूला हसू आवरेना.

"काय पाहिजे तुला?" कलाबाईने विचारलं.

शोभाबाईने पुस्तकांकडे पाहिलंही नाही. ती मोटारीकडे बघत होती. "त्याच्यात एक चक्कर. मी, सासू, आन् पोरं."

मग त्या मॉरिसमध्ये जेवढी माणसं बसली तेवढी त्याआधी कधी बसली नसतील. सासू पुढे, कलाबाईच्या मांडीवर. मागे भटूच्या अंगावर सगळी पोरं. शेळी मागून धावत निघाली. मक्काई पुलापर्यंत जाऊन गाडी वळली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अजून एक," आणि जरबाईने आनंदाने अजून एक मारली.

कोणी कोणाला कापलं ते शेवटपर्यंत ठरलं नाही. म्हणून लाल पुस्तक कलाबाईने नेलं आणि शब्दकोश जरबाईने. महिन्याभरात दोघींनी हळूहळू एकमेकींचा डबा आणि कपाट इतकं पुढे-मागे केलं की कुणाचं काय, हे विचारायचंच दोघींनी सोडून दिलं. भटूच्या भाजीत हळद मात्र बेताची पडायला लागली, कारण जरबाई अधूनमधून जेवायला यायची आणि पहिल्या घासाला तोंड वाकडं करायची.

होळीच्या आधी कुणीतरी सांगितलं की बारडोलीला एका म्हाताऱ्या मास्तरांकडे नखाएवढं पंचांग आहे. दोघी त्याच दिवशी गाडी घेऊन निघाल्या. वाटेत उसाच्या गाड्यांच्या रांगेत अडकल्या, ऊस खाल्ला, गाणी म्हटली. मास्तरांनी पंचांग तळहातावर ठेवून पुढे केलं. दोन हात एकदम त्यावर पडले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीच हात काढीना.

मास्तर घाबरून म्हणाले, "अहो, विकायचं नाहीये ते."

"ते नंतर बघू," जरबाई त्यांच्याकडे न बघताच म्हणाली. "कला, तू आधी हात काढ."

"तुम्ही काढा," कलाबाई म्हणाली, आणि पंचांगावरचा हात तसाच ठेवून खाली ऐसपैस बसली.