सगळ्यांना एकच रिमोट

उषाबाईंनी टेस्टरनं शेवटचा स्क्रू काढला आणि प्लायवूडच्या डब्याचं झाकण उचललं. दुकानातली सगळी पोरं एकदम पुढं वाकली.

"उजेड सोडा," त्या म्हणाल्या.

आत एका जुन्या रिमोटची हिरवी पट्टी होती आणि तिच्यापासून एकेका बटनापर्यंत गेलेल्या रंगीत वायरी. उषाबाईंनी वायरी बोटानं बाजूला सारल्या, डबा उलटा करून झटकला, खाली चिकटवलेला रबरसुद्धा नखानं उचकटून पाहिला. काही निघालं नाही. तरी त्यांचं समाधान होईना. नवरा वारल्यापासून नवीन जालन्यात स्टेशनजवळचं हे व्हिडिओ गेमचं दुकान त्याच सांभाळत होत्या, आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं मशीनमधून परत ओढणारी पोरं पाहून पाहून त्यांचा कुणावरच भरवसा उरला नव्हता.

डबा वसंताचा होता. हा किडकिडीत पोरगा सकाळी बदनापूरहून गाडीनं आला, मारामारीच्या गेमच्या स्पर्धेत नाव दिलं आणि पिशवीतून हा डबा काढला. दुकानाच्या रिमोटवर दिशा फिरवायला एकच फुली असते. याच्या डब्यावर चारही दिशांना चार सुटी बटनं. डावा हात त्यांच्यावर, उजवा हात मारायच्या बटनांवर. पेटीवाल्यासारखी बोटं चालवत त्यानं एकेकाला लोळवलं आणि शेवटच्या लढतीत येऊन बसला. समोर उषाबाईंचा मुलगा मच्छिंद्र. जिंकणारा दुकानाच्या नावानं औरंगाबादच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता, आणि मच्छिंद्रनं त्यासाठी नवा शर्ट शिवून ठेवला होता.

"एक बटन दाबलं की चार दणके आपोआप बसत असतील," मागून कुणीतरी म्हणालं.

"बसत न्हाईत," वसंता म्हणाला. "दाबून बघा."

मच्छिंद्रनं वेगळीच गोष्ट काढली.

"आई, ह्याला मागचं अन् पुढचं बटन एकदम दाबता येतं. आपल्या फुलीवर ते होतच न्हाई. एक दाबलं की दुसरं सुटतं. हा मागं अडवता अडवताच पुढं मारून राह्यला."

उषाबाईंनी वसंताकडं पाहिलं. "खरंय का रे?"

वसंतानं मान डोलावली.

"खरंय. पण मावशी, बोटं तर माझीच हायत ना."

"बोटं तुझी अन् डबा पण तुझाच. ह्याच्याकडं कुठंय डबा?" त्यांनी झाकण लावून स्क्रू आवळायला घेतले. "दुकानातलेच रिमोट घ्यायचे. सगळ्यांना एकच. जमत असंल तर बस, न्हाईतर दुपारची गाडी हाय."

समोर दुसऱ्याचा मुलगा असता तरी आपण हेच म्हटलं असतं का, असं त्यांनी मनाशी विचारून पाहिलं. हेच म्हटलं असतं. त्यांना बरं वाटलं.

मच्छिंद्र तोवर डावीकडच्या खुर्चीवर जाऊन बसलाही होता. ती त्याची नेहमीची जागा. वसंता उजवीकडं बसला. कुणी उचलून नेऊ नये म्हणून दोन्ही रिमोट ज्या-त्या खुर्चीसमोर साखळीनं बांधलेले होते.

डाव सुरू झाला. पोरं पडद्याकडं बघत होती. उषाबाईंना त्या उड्या आणि लाथा कधी कळल्या नव्हत्या. त्या स्टुलावर बसून हातांकडं बघत. फुलीवर वसंताचा हात आधी अडखळला, मग सरावला. उजवा अंगठा खालच्या बटनावर गेला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्यानं ते इतक्या जोरात दाबलं की नख पांढरं पडलं. त्याचा पैलवान पडद्यावर नुसता उभा, आणि मच्छिंद्रच्या पैलवानानं त्याला आडवा केला.

"मावशी, ह्याचं खालचं, लातेचं बटन लागंना."

पोरं फिदीफिदी हसली. "डबा गेला, आता बटन पण गेलं!"

"कोणतंच बटन खराब न्हाई," मच्छिंद्र पडद्याकडंच बघत म्हणाला. "सकाळी मीच तपासले दोन्ही. बिलकुल ठणठणीत."

उषाबाईंना ते पटलं. मच्छिंद्र त्यांच्याशी खोटं बोलत नसे.

"मंग जागा बदला," त्या म्हणाल्या.

"आई?"

"ठणठणीत हाय म्हंतोस ना? मंग तुला काय फरक पडतो? डाव पहिल्यापासून होईल."

मच्छिंद्र उठला. खुर्ची सरकवायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

या खेपेला तो जीव तोडून खेळला. घामानं त्याची मान ओली झाली. उषाबाई स्टूल पुढं ओढून त्याच्या अगदी शेजारी बसल्या. त्याचा अंगठा वरच्या बटनावर जात होता, डावीकडं, उजवीकडं, पुन्हा वर. एकदा वसंताचा पैलवान अगदी त्याच्या पैलवानाच्या पायाशी पडला. "लात घाल, लात!" पोरं ओरडली. अंगठा खाली येता येता थांबला आणि डावीकडं वळला.

उषाबाई वाट बघत राहिल्या. त्यानं एकदा तरी ते दाबावं, दचकावं, रिमोट आपटून म्हणावं, आई, हे लागतच न्हाई की! डाव संपेपर्यंत अंगठा खालच्या बटनावर गेला नाही.

पडद्यावर वसंताचा पैलवान हात उंचावून उभा राहिला. पोरांनी आधी एकमेकांकडं पाहिलं, मग कुणीतरी शिट्टी मारली. मच्छिंद्रनं रिमोट हळूच खाली ठेवला.

उषाबाईंनी डबा उचलून वसंताच्या हातात दिला. तो घेऊन वसंता पोरांच्या घोळक्यात गेला, तेव्हा त्या आपल्या मुलाकडं वळल्या.

"बटन बराबर होतं ना रे?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"बराबर होतं," मच्छिंद्र म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात खिशात घातले.