सांध्यातली फट

आमची गाडी रेल्वेने अकरा वर्षांपूर्वी एका कागदावर बंद केली. कागद लिहिणारा त्या गाडीत कधी बसला नव्हता, पैज लावते. रूळ गंजत पडले. शेवटी आम्ही बारा जणींनी झाडोरा उपटला आणि वेल्डरकडून रुळावर चालणाऱ्या चार पायडल-गाड्या करून घेतल्या. शहरातली माणसं तळ्यापर्यंत पायडल मारतील, आमच्याकडे जेवतील, राहतील. फक्त तपासणीच्या साहेबाने पास करायला हवं होतं. नाहीतर रूळ भंगारात आणि आम्ही शहरात, लोकांची भांडी घासायला.

माझे सासरे या लाइनचे कीमन. हातोडा खांद्यावर टाकून रोज पायी रूळ तपासायचे. गाडी थांबली, हे नाही थांबले. पण डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर नणंदेकडे गेले आणि मी शहाणपणा केला. दर दोन रुळांच्या सांध्यात बोटभर फट असते. तिच्यावर गाडी आदळायची. पाहुण्यांच्या कमरेची काळजी मला! सगळ्या फटींत लोखंडी पट्ट्या ठोकून घेतल्या. गाडी लोण्यासारखी पळाली, मी हवेत.

तपासणीच्या दिवशी सकाळी सासरे परतले आणि काळा चष्मा लावून थेट रुळांवर गेले. भर बाराला साहेबाला बसवून मी पायडल मारत होते, तर वळणावर सासरे लाल टॉवेल हलवत उभे.

"उतरा!"

"आजोबा, मला चारला मीटिंग आहे."

"पोचायचंय ना? मग उतरा."

पुढे रूळ उन्हाने वाकडा झाला होता.

"हे डोकं कुणाचं?"

"माझं, बाबा."

"तरीच! अगं, तापलं की लोखंड वाढतं. त्याला जागा लागते. आवळून धरलं तर तू तरी गप्प बसतेस का?"

मग बाकीच्या जणींना बोलावून दोन तास छिन्नीने पट्ट्या काढल्या, ओली पोती टाकून रूळ थंड केला, बारा जणींनी पहारी लावून ओढला. सासरे ओरडत होते, "जेवला नाहीत का गं?" साहेब आधी झाडाखाली फणफणला, मग बूट काढून पाण्याच्या बादल्या आणू लागला.

रूळ सरळ झाल्यावर त्याने फॉर्म काढला. "सुरक्षेला जबाबदार कोण?"

सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"माझा डोळा अजून गळतोय. हिचं नाव लिहा."

"जिने रूळ वाकवला तिचं?"

"तिचंच. आता ती फट बघितल्याशिवाय पाऊल टाकणार नाही."

साहेबाने माझं नाव लिहिलं आणि खाली सही ठोकली. बाया नाचायला लागल्या. मी मात्र भडकले. मला कुणी विचारलं?

"रोज पहाटे मी रुळांवर फिरू? आणि घरचं कोण बघणार, बाबा?"

"चहा मी टाकेन," सासरे टॉवेल झटकत म्हणाले. "साखर तेवढी कुठे असते, ते सांगून जा."