तळ्याचा काठ

गोल्फच्या मैदानाभोवती वसलेल्या त्या वसाहतीत कुंपण असं नव्हतंच. अंगण कुठे संपलं आणि मैदान कुठे सुरू झालं, हे नव्या माणसाला कळत नसे. मैदानाची आखणी करणारे गृहस्थ तिथेच राहायचे. सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत. प्रत्येक स्वयंपाकघरातून पाणी दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हणून तळं थेट घरांच्या मागच्या दारांपाशी आलेलं.

त्यांच्या शेजारी दाताच्या दवाखान्यात काम करणारी एक बाई राहायची. हल्ली तिच्या वडिलांना, अण्णांना, विसर पडायचा. त्यांना मोकळं फिरता यावं म्हणून तिने हे घर घेतलं होतं.

त्या दुपारी ती माडीवरून खाली आली, तर मागचं दार सताड उघडं.

“अण्णा?”

ती अनवाणीच धावली. मैदानातल्या टेकाडाआड कुणी नव्हतं. मग पाण्यात पांढरं डोकं दिसलं.

काठ अण्णांपासून हातभरावर होता. पण पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवर शेवाळ धरलेलं. गुडघा टेकवला की ते घसरत आणि पाणी हनुवटीला लागे. जन्मभर पोरांना पोहायला शिकवलेला माणूस.

“चेंडू दिसला म्हणून आलो,” ते हळूच म्हणाले. “आता वर येता येईना गं.”

ती पुढे झाली आणि तिचाच पाय सर्रकन सुटला. गवत मुठीत आलं म्हणून वाचली. आणखी एक पाऊल, की दोघंही गेलो, हे तिला कळलं. तिने नकाशेकाकांना हाक मारली.

नकाशेकाका पळत आले ते थेट पाण्याकडेच.

“उतरू नका, काका.”

“काही होत नाही, उतार बेताचा आहे,” म्हणेपर्यंत ते गुडघ्याएवढ्या पाण्यात गेले. तिने सदरा धरून त्यांना मागे ओढलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बागेचा पाइप आणा. लवकर.”

अण्णांची बोटं बधिर झाली होती, पाइप धरवेना. तिने त्याचा फास केला आणि फेकला. “डोकं घाला यातून. आता हात.” हात घालताना अण्णा घसरले. पाण्यावर नुसते बुडबुडे उरले. डोकं वर आलं, पाइप काखेत अडकला होता. दोघं पोटावर पडून ओढत राहिले, अण्णा गवतावर येईपर्यंत.

“काठ गुळगुळीत ठेवला की पाणी आरशासारखं दिसतं,” नकाशेकाका धापा टाकत म्हणाले. “कुणी आत पडेल असं...”

ती अण्णांचे तळवे चोळत राहिली.

आठवड्याभरात काठाला पायऱ्या आल्या, दोर आला. तरी तिने अण्णांची खुर्ची रस्त्याकडच्या खोलीत हलवली.

“इथून काय दिसतं? नुसत्या गाड्या,” अण्णा कुरकुरले.

“गाड्याच बघा,” ती म्हणाली आणि मागच्या दाराची कडी पुन्हा एकदा चाचपून आली.