उभा झालेला रूळ

मी रूळ बोलायलोय. दगडाचा. सडकेवरचा मुरूम दाबत बैलाच्या मागं गडगडत जातो, तोच.

आधी पैज लावा, मंग गोष्ट ऐका. ह्या गोष्टीच्या शेवटाला कुणाचं काय गेलं, ओळखा बघू. तुम्ही म्हणताल, रुळाची गोष्ट हाय, कुणाचा तरी पाय सापडला आसंल. न्हाई. बैल मेला आसंल. न्हाई. सरकारचं नुकसान? सरकारचं कधी नुकसान व्हतंय का? बसा इचार करत. मी तवर सांगतो.

मला निंगप्पा वड्डरानं काळ्या खडकातून काढलं. तीन महिने छिन्नी चालली. कमरेएवढा घेर, पुरुषभर लांबी, अंग गुळगुळीत, दोन्ही टोकाला लोखंडाचा एक एक खुंटा. त्या खुंट्याला जू अडकवायचं आन् बैल वडायचे. निजामाच्या राज्यात मी अर्ध्या बीदरच्या सडका लाटल्या. आडवं पडून गडगडायचं, एवढंच आपलं काम. माणसं उभ्यानं हिंडतात आन् वाकडी जातात, मी आडवा जायाचो पण सरळ.

मंग आली पोलीस ॲक्शन. राज्य बदललं, टोप्या बदलल्या, मी तोच. दोन-तीन साल गेले आन् मला शरणगुडीला आणलं.

शरणगुडी म्हंजे तीर्थाचं गाव. गुडीची, म्हंजे देवळाची, जत्रा भरली की चिटगुप्पा, निर्णा, औराद, कुठकुठून गाड्या यायच्या. गावात सगळे रस्ते येऊन मिळायचे हावगेप्पाच्या दुकानापुढच्या चौरस्त्यात, आन् तिथंच अडकायचे. ह्याच्या बैलाचं शिंग त्याच्या चाकात, त्याची धुरी ह्याच्या छकड्यात. देवाचं दर्शन ऱ्हायलं बाजूला, माणसं सांजपातूर एकमेकाच्या आयमायचं नाव घेत बसायची.

नव्या कमिटीनं ठरवलं, गाव देखणं करायचं. सडक रुंद करायची, कडंनं दगड लावून चुना फासायचा, चौरस्त्यावर पोलीस उभा करायचा. ह्यासाठी आले ओव्हरसेर उद्धवराव. हातात साखळी, डोईवर टोप, मागं चुन्याची बारडी धरलेला गडी. जिथं चुन्याची रेघ पडली तिथवर सडक. रेघेच्या आत जे आलं ते फुटलं. कुणाची पायरी गेली, कुणाचं न्हाणीचं घर गेलं.

आन् एक दिवस ती रेघ हावगेप्पाच्या कट्ट्यावरून गेली. बरोबर मधून.

आता कट्टा म्हंजे काय, ते सांगतो. हावगेप्पाचं दुकान तेला-मिठाचं. दुकान दोन खणाचं, पण कट्टा चार खणाचा. हावगेप्पाचा बाप गुरुशांतप्पा, त्यानं सोत्ताच्या हातानं बांधलेला. त्यात एक मोठी शहाबादी फरशी व्हती आन् तिच्यावर बापानं छिन्नीनं वाघ-बकरीचा पट कोरलेला. बाप-लेक दुपारी चिंचोके घेऊन खेळायचे. बाप मरून सा वरसं झाली, तरी हावगेप्पा रोज दुपारी तिथं बसायचा. तोंडात तंबाखू, हातात चिंचोके. कुणी खेळायला आलं तर बरं, न्हाई तर दोन्हीकडून आपणच खेळायचा, आन् बापाच्या बाजूनं वाघ जिकवायचा.

"साहेब, कट्टा सोडून बाकी सगळं घ्या," हावगेप्पा म्हणला. "पाहिजे तर दुकान मागं सरकवतो."

"हावगेप्पा, रेघ सरकारची हाय. मी मारली म्हणून माझी न्हाई. आठ दिसांत कट्टा निघंल."

आता माझं ऐका. त्याच हप्त्यात चौरस्त्यात वळताना माझा एक खुंटा मोडला. गड्यांनी मला तिथंच मधोमध मोडक्या अंगावर उभा केला, दुसरा खुंटा वर. लोहार गेलेला मेव्हण्याच्या लग्नाला. जन्मात पहिल्यांदा मी उभा झालो. लई मजा वाटली. वरून सगळ्याचं टक्कल दिसायचं.

आठवा दिवस उगवला. उद्धवराव म्हणले, "जेवून येतो, मंग पहार लावू." चुन्याची बारडी तिथंच ठिवून गेले.

दुपार. रस्ता सामसूम. हावगेप्पा कट्ट्यावर बसलेला, पुढ्यात पट, पण चिंचोका हलवंना. बारडीकडं बघायला, मंग माझ्याकडं बघायला. परत बारडीकडं. मला वाटलं, ह्याच्या डोक्यात काई तरी गडगडायलंय.

उठला. सरकारच्याच चुन्यात तीन बोटं बुडवली आन् माझ्या अंगावर आडवे तीन पट्टे वडले. इभूतीसारखे. वरच्या खुंट्यावर बेलाचं पान ठिवलं. मधी कुंकवाचा टिळा लावला. गुदगुल्या झाल्या, पण मी हासलो न्हाई.

बायको शांतम्मा दारात येऊन उभी ऱ्हायली. "अवो! काय करायलाव? गळ्यात लिंग आसताना रस्त्यावरच्या धोंड्याला हात जोडायलाव?"

"मी कुठं हात जोडायलोय? मी रंगवायलोय. हात जोडायचं काम लोकाचं."

"आन् कळालं तर?"

"कुणाला कळतंय? देव झाल्यावर रूळ कोण इचारतंय?"

शांतम्मानं कपाळाला हात लावला. मंग घरात गेली आन् उदबत्ती आणून दिली. बायको म्हंजे बायको, शिव्या बी देती आन् उदबत्ती बी.

पहिली आली ती निर्ण्याची चन्नव्वा. म्हातारी, पाठीत वाकलेली, जिभेनं सरळ. माझ्यापुढं थबकली, "अव्वव्वा, ह्यो कवा निघाला वो?" म्हणली, आन् टोपलीतला नारळ माझ्यापुढं फोडला. मंग काय! एक बाई हात जोडती तर दुसरी इचारत न्हाई, ती बी जोडती. उद्धवराव जेवून, डुलकी काढून येईपर्यंत माझ्या गळ्यात चार हार. गळा नव्हता, तरी घातले.

उद्धवराव वरडले, "अरे, ह्यो रूळ हाय! सरकारी रूळ! म्या सोत्ता आणलाय!"

"व्हय साहेब," हावगेप्पा गोगलगाईसारखा मऊ होऊन म्हणला. "तुम्हीच आणलाव. तुमच्याच हातानं प्रगट व्हायचा व्हता. आता तुम्हीच हलवा."

उद्धवरावांनी गड्यांकडं बघितलं. गडी आभाळाकडं बघायले. मंग बैल आणले. खुंटा मोडलेला, जू अडकवायचं कुठं? दोर गुंडाळला तर चुन्यानं आन् बायांनी वतलेल्या तेलानं सटकला. बैल तीन पावलं गेले आन् मोकळेच थांबले.

"बैल बी जाईना!" चन्नव्वा वरडली. "मुकं जनावर, त्याला कळतंय!"

उद्धवरावांनी टोप काढला, घाम पुसला. आन् हळूच, कुणी बघत न्हाई आसं बघून, पायातले बूट बी काढले. मी बघितलं. मंग रेघ पुसली आन् सडक माझ्या पलीकडून, पडीक जागेतून वळवली. कट्टा वाचला. त्या दिशी हावगेप्पा पटावर सलग पाच डाव खेळला आन् पाची डाव बापाला जिकवून दिले.

इथं गोष्ट संपली आसं तुम्हाला वाटलं आसंल तर पैज हारलाव. आता तर जत्रा आली.

चौरस्त्यावर हणमंतप्पा जवान उभा केला. नवी शिट्टी, नवी पट्टी, मिशीला तेल. "डाव्या अंगानं! डाव्या अंगानं चला!" वरडून त्याचा घसा बसला. गाडीवान म्हणायचे, "जवान, शिट्टी बैलाला कळती का?" आन् पाहिजे तिकडं घुसायचे.

पण माझ्याजवळ आले की तेच गाडीवान गप व्हायचे. कासरा वडायचे. देवाला उजव्या हाताला ठिवायचं, ही गोष्ट काय पोलिसानं शिकवावी लागत न्हाई, आईच्या पोटातून शिकून येत्यात. औरादची गाडी आली, माझ्या भवती वळली. चिटगुप्प्याची आली, तिच्या मागं वळली. सगळ्या एकाच अंगानं, एका मागं एक. हणमंतप्पा शिट्टी तोंडात धरून बघतच ऱ्हायला. "आयला," म्हणला, "धोंडा माझ्यापेक्षा हुशार निघाला."

धोंडा म्हणला मला. पण सोडून दिलं.

तर गाड्या वळल्या, अर्धा फेर झाला, आन् पुढं कट्टा! माझ्या आन् कट्ट्याच्या मधून माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट. पहिली गाडी थांबली. दुसरी थांबली. वढ्यापातूर रांग लागली.

गाडीवान कट्ट्याकडं बघायला लागले. हावगेप्पा कट्ट्यावरून उठला. पळत खाली उतरला, दोन्ही हात वर करून वरडला, "ह्यो महादेव हाय! महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा! परत फिरा! आल्या वाटंनं परत फिरा!"

गाडीवान भोळे. पुढचे परत फिरले, मागचे यायलेच व्हते. शिंगाला शिंग. धुरीला धुरी. एक बैल दुकानात तोंड घालून मीठ चाटायला लागला. कुणाचं जू मोडलं, कुणाच्या गाठोड्यातल्या पोळ्या धुळीत पडल्या. हणमंतप्पाची शिट्टी तोंडातून पडली, ती एका म्हशीच्या पायाखाली गेली. जन्मभर मी सडका सरळ केल्या, आन् माझ्याच भवती सडकेचा आसा गुंता!

मधल्या गाडीत चन्नव्वा बसलेली. ती उभी ऱ्हायली.

"हावगेप्पा! अर्धी कामून रं?"

"अव्वा, शास्त्र हाय. महादेवाची नाळ वलांडायची न्हाई."

"नाळ कुठं हाय?"

"आँ?"

"पिंडीचं पाणी जिच्यातनं जातंय ती नाळ. दाव की. ह्या देवाला नाळच न्हाई, मंग वलांडायचं काय? माझं कपाळ? सुनंला लेकरू होऊ दे म्हणून अकरा फेऱ्या बोलले मी. अकराच्या बावीस अर्ध्या करू का? आन् लेकरू बी अर्धंच आलं तर?"

सगळी जत्रा हासली. हासता हासता सगळ्यांनी परत कट्ट्याकडं बघितलं. आता नजर येगळी व्हती.

"कट्टा देवाच्या वाटंत आलाय," कुणी तरी म्हणलं.

"देव आधी का कट्टा आधी?" दुसरा म्हणला.

उद्धवराव गर्दीतून वाट काढत आले. टोप नीट केला. हावगेप्पाजवळ येऊन, हळू आवाजात, गुळात घोळून म्हणले, "हावगेप्पाण्णा, तुम्हीच सांगा आता ह्या लोकास्नी. ह्यो काय हाय? रूळ हाय का देव हाय?"

अशी गम्मत मी उभ्या जन्मात, आडव्या जन्मात बी, बघितली नव्हती. रूळ म्हणावं, तर फसवणूक उघडी पडती, जत्रा अंगावर येती, मी आडवा होतो, सरकारची रेघ परत जागेवर, कट्टा फुटला. देव म्हणावं, तर देवाला फेरा पाहिजे, कट्टा फुटला. हावगेप्पानं एकदा पटाकडं बघितलं. एकदा शांतम्माकडं बघितलं. ती पदर तोंडाला लावून उभी. हासायली का रडायली, मला बी कळंना.

"देव," हावगेप्पा म्हणला. लई बारीक आवाज.

"मोठ्यानं! मागच्याला ऐकू येईना!" चन्नव्वा.

"देव हाय!"

"तर मंग पहिली पहार तुमच्याच हातानं, अण्णा," उद्धवराव म्हणले. "मान तुमचा."

त्याला हार घातला. हातात पहार दिली. बापानं लावलेला एक एक दगड हावगेप्पानं सोत्ता काढला, आन् दर दगडाला लोकांनी "हर हर महादेव" केलं. शहाबादी फरशीपाशी आला तवा तो थांबला. पट पुसल्यासारखा हात फिरवला. मंग ती बी उचलली, पण फुटू दिली न्हाई. चौघांनी धरून आणली.

घंटाभरात वाट मोकळी झाली. गाड्या भिंगरीसारख्या फिरून आपापल्या वाटंला लागल्या. त्या जत्रंत परत एक बी शिंग अडकलं न्हाई. चन्नव्वाच्या अकरा पुऱ्या झाल्या. वरसभरानं नातू झाला. त्यात माझा काई हात न्हाई, मला हातच न्हाईत, पण तिनं पेढे माझ्याच पुढं ठिवले.

आता सगळं बदललंय. हैदराबादचं राज मोडलं, आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, उद्धवरावांची बदली झाली. पण कचेरीतल्या वहीत मी अजून हाय. दर साली एक कारकून येतो. "शरणगुडीचा दगडी रूळ कुठं हाय?" म्हणून गावभर इचारतो. कुणाला म्हाईत न्हाई. जाताना माझ्या पाया पडतो, आन् वहीत 'सापडला न्हाई' आसं लिहून जातो.

मला म्हणताल तर माझी एकच इनंती हाय. कधी तरी एकदा, फक्त एकदा, मला आडवा करा. ह्या चौरस्त्यापासून गुडीपातूर एक फेरी मारू द्या. मंग परत उभा करा, चुना लावा, कुंकू लावा, काय पाहिजे ते करा. उभं राहून कंबर धरलीय.

आन् हां, पैज.

कट्ट्याचे दगड वाया गेले न्हाईत. त्याच दगडाचा माझ्या भवती वटा बांधला. बापाची फरशी उगवतीच्या अंगाला बसवली. हावगेप्पा आता बी रोज दुपारी तिथं येऊन बसतो. दगड तेच, फरशी तीच, पटाची घरं तीच. पण चप्पल खाली काढून बसावं लागतं. तंबाखू वढ्याला जाऊन थुंकून यावी लागती. खिशात चिंचोके असत्यात, पण काढता येत न्हाईत, कारण बाया आता त्या घराघरात पणत्या ठिवतात.

परवा दुपारी कुणी नव्हतं. हावगेप्पानं इकडं तिकडं बघितलं, वाघाच्या घरातली पणती हळूच बाजूला सरकवली आन् चिंचोका ठिवला.

"हावगेप्पा!" नातवाचा हात धरून चन्नव्वा पाठीमागं उभी. "देवाच्या पाटावर हात कामून लावायलास रं?"

हावगेप्पानं चिंचोका उचलला, पणती होती तिथं ठिवली, आन् हात जोडले. मला. रुळाला.