वाचन बाकी आहे

त्या नगरपालिकेचं नाव मी घेत नाही. घेतलं तर उद्या कुणीतरी भांडायला दारात उभं राहायचं. पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेनं कारखाने उठले, कॉलन्या वाढल्या, तेव्हाची, म्हणजे बहात्तर-त्र्याहत्तर सालची ही गोष्ट.

तिथल्या शाळेत शमीम मुलाणी सातवीला नागरिकशास्त्र शिकवायच्या. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाचं शेपूट. बाकीचे गुरुजी ते परीक्षा तोंडावर आली की घाईघाईनं उरकायचे. शमीमबाईंच्या वर्गात मात्र दर शनिवारी सभा भरायची. एक अध्यक्ष, एक सचिव, बाकीचे सदस्य. विषय मोठ्यानं वाचायचा, ज्याला पटत नसेल त्यानं उठून बोलायचं, मग हात वर करायचे. आणि विषय न वाचताच कुणी पुढं दामटलं, तर ज्याच्या लक्षात येईल त्यानं उभं राहून ओरडायचं, "वाचन बाकी आहे!" पोरांना सगळ्यात गोडी या ओरडण्याचीच. दुसरी पोरं एवढं तर खेळाच्या तासालाही ओरडत नसतील!

हे सगळ्या शाळांत व्हावं, एवढी एकच गोष्ट बाईंना हवी होती. आठवड्याला एक जादा तास, शिक्षकांना थोडं प्रशिक्षण आणि पोरांना खरी सभा दाखवायला आणायचं बसभाडं. त्यासाठी त्यांनी नगरपालिकेचे उंबरे झिजवले. नगराध्यक्ष नानासाहेब माणूस वाईट नव्हता, नुसता धूर्त होता. शेवटी तो पाघळला.

"बाई, विषय पत्रिकेवर घेतलाय," नानासाहेब म्हणाले. "पण मधोमध घातलाय, गर्दीत. आम्ही सगळे विषय वाचल्याचं समजून एकदम मंजूर करतो. त्यात तुमचाही निघून जाईल. वाचत बसलो की कुणीतरी फाटे फोडणार."

बाईंना ते खटकलं. खटकलं, पण गिळलं. इतक्या दिवसांनी काम होतंय, कशाला तोंड उघडा?

"आणि तुमच्या पोरांना घेऊन या सभेला," नानासाहेब खुशीत म्हणाले. "टाळ्या वाजवतील."

आता मला सांगा, शनिवारच्या सभेत तयार झालेल्या पोरांना असल्या सभेला बोलवायचं म्हणजे काय! पण तेवढं नानासाहेबांना कुठलं ठाऊक असायला, आणि बाई आनंदात होत्या.

सभेच्या दिवशी पोरं मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसली. "इथं आपण प्रेक्षक. फक्त बघायचं," बाईंनी बजावलं. दारावर पत्रिका डकवली होती, ती त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. आपला विषय आहे ना, ते दोनदा पाहिलं.

पालिकेचे सचिव उठले. "विषय क्रमांक तीन ते वीस वाचल्याचे समजून..."

"मंजूर, मंजूर," सदस्य म्हणाले. आतल्या खोलीतून भज्यांचा वास सुटला होता, त्यांचं तरी काय चुकलं?

"वाचन बाकी आहे!"

सरू होती ती. उस्मानाबादकडून आलेल्या फाउंड्री कामगाराची पोरगी आणि वर्गाची सचिव. सवयीनं उठली, सवयीनं ओरडली. आपण वर्गात नाही हे मग ध्यानात आलं, तशी तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

सदस्य खो खो हसले. नानासाहेब हसले नाहीत. "बाई, प्रेक्षकांना बोलायची परवानगी नाही. पोरीचं चुकलं एवढं सांगा, म्हणजे आपण पुढं जाऊ."

बाई उठल्या. तेवढंच सांगून गप बसल्या तर योजना पदरात पडत होती, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"प्रेक्षकांनी बोलायचं नसतं. ते तिचं चुकलं," त्या म्हणाल्या. सरूची मान खाली गेली. तिच्याकडं बघून बाई पुढं म्हणाल्या, "पण वाचन बाकी आहे, हे खरं आहे."

"आरं तिच्यायला, खरंच की!" नदीपलीकडच्या वस्तीतून निवडून आलेले सोपानराव मागच्या रांगेतून गरजले. "आमी नुसतं मंजूर मंजूर म्हनतोय. एक इषय कानावर पडला न्हाई आजवर. वाचा की वो!"

मग काय, वाचणं आलं. होता होता बाईंचा विषय आला. "शालेय नागरिकशास्त्र अध्यापन विस्तार योजनेकरिता तरतूद करणे."

"हे काय आनि?" सोपानराव उठले. "आमच्या वस्तीवरच्या शाळंला पत्रं न्हाईत, पोरं लिंबाखाली बसत्यात. आदी पत्रं टाका, मग कसला इस्तार करायचा त्यो करा!"

वस्तीच्या पत्र्यांचा विषय त्याच पत्रिकेत होता, जरासा खाली. बाईंनी तो वाचला होता. दोन्ही होण्यासारखं होतं. अगदी जिभेवर आलं त्यांच्या. पण प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, असं भर सभेत आत्ताच त्यांनी सांगितलं होतं. त्या ओठ मिटून बसल्या. हात वर झाले, विषय नामंजूर झाला. पोरांनी शिकवल्याप्रमाणे हात मोजले आणि निकाल बरोबर आहे याची खात्री करून घेतली. बाईंना सरूचा राग आला. आला म्हणजे चांगलाच आला. थोड्या वेळानं पत्रे मंजूर झाले, तेव्हाही त्या तिच्याकडं बघत नव्हत्या.

सभा सुटल्यावर सोपानराव भज्यांची बशी घेऊन पोरांकडं आले. "बाई, पोरगी लई धीट हाय तुमची. आमच्या वस्तीवरच्या पोरांनाबी असलं कायतरी शिकवा की. त्यांनाबी आना हितं."

"त्याचाच विषय होता तो," बाई म्हणाल्या. "तुम्ही पाडलात."

सोपानरावांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. "त्यो व्हय? आनि आमचं पत्रं?"

"ते खालीच होते पत्रिकेत. दोन्ही झालं असतं."

"आवं, मग तवाच सांगायचं न्हाई का वो!" सोपानराव कळवळले.

"प्रेक्षकांनी बोलायचं नसतं," बाई म्हणाल्या.

सरू शेजारीच उभी होती. "मी तर बोलले, बाई," ती म्हणाली.